संगणकाचा स्वतःशीं पत्रव्यवहार

एखाद्यानें आपल्याच घरच्या पत्त्यावर पत्र लिहून तें टपालपेटींत टाकिलें, तर शेजारी त्यास हंसतील. संगणक मात्र हें काम दिवसांतून कैक वेळां करितो, आणि त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं.

आंतरजालावरील यंत्रें एकमेकांस अंकांच्या पत्त्यांनीं ओळखतात. त्यांपैकीं १२७ ह्या अंकानें आरंभ होणारे सर्व पत्ते ‘हें यंत्र स्वतः’ ह्या एकाच अर्थासाठीं राखून ठेविलेले आहेत; १९८६ सालच्या अंकयादींत तशी नोंद आहे. हे पत्ते १,६७,७७,२१६ भरतात, आणि व्यवहारांत बहुधा १२७.०.०.१ हा एकच लागतो. ही आमच्या मतें निव्वळ उधळपट्टी होय. पुढील पद्धतींत, म्हणजे आयपीच्या सहाव्या आवृत्तींत, असा पत्ता एकच ठेविला, हें बरें झालें.

मुख्याध्यापकांनीं कारकुनास चिठ्ठी पाठविली, तर शिपाई ती टपालकचेरींत नेत नाहीं. येथेंही तसेंच घडतें. हा पत्ता पाहतांच ऑपरेटिंग सिस्टीम संदेशास तारेकडे जाऊं देत नाहीं. आंतल्या आंत वळवून त्याच यंत्राच्या आवक बाजूस ठेविते. शिष्टाचारांत मात्र सूट नाहीं. संभाषणापूर्वीं ‘येऊं का?’, ‘या’, ‘आलों’ असे तीन निरोप येथेंही व्हावे लागतात. दाराचा क्रमांक, ज्यास पोर्ट म्हणतात, तोही सांगावा लागतो. त्या दारामागें कोणी बसलेला नसेल तर तत्काळ नकार येतो. तार काढून ठेविली तरी हा व्यवहार चालतो.

म्हणूनच घाटंजीस इंटरनेट बंद असतांही विद्यार्थ्यास स्वतः रचलेलें पान आपल्या यंत्रावर चालवून पाहतां येतें. परंतु तोच पत्ता त्यानें यवतमाळच्या मित्रास कळविला, तर मित्राचें यंत्र स्वतःचेंच दार ठोठावील!

ह्या दाराचा खरा उपयोग व्यापाऱ्यांस विचारावा. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू झाला. कापसाचा व्यापार करणाऱ्या कंपनीसही ह्या कराच्या नोंदणीचा अर्ज अंकीय सहीनेंच द्यावा लागतो. सहीची गुप्त किल्ली यूएसबी टोकनांत असते, आणि ब्राउझरमधील पानास त्या टोकनास हात लावण्याची मुभा नाहीं. म्हणून एमसायनर नांवाचा छोटा प्रोग्राम त्याच यंत्रावर, १२७.०.०.१ ह्या पत्त्यावर, १५८५ क्रमांकाच्या दारामागें बसतो. पान त्यास मजकूर देतें. तो टोकनाकडून सही करवून परत देतो. किल्ली जागची हालत नाहीं. हा प्रोग्राम सुरू नसला कीं सही अडते, आणि लोक मात्र इंटरनेटला बोल लावितात.

बाहेरील यंत्रास ह्या पत्त्यानें आंत शिरतां येत नाहीं. १९८९ सालच्या नियमाप्रमाणें १२७ चा पत्ता यंत्राबाहेर दिसतांच कामा नये. परंतु आपण ब्राउझरमध्यें उघडलेलें परकें पान हें आंतच बसलेलें असतें, आणि तेंही हें दार ठोठावूं शकतें. ह्यास्तव विचारणारें पान कोणाचें, हें पाहूनच सही देण्याची दक्षता दारामागच्या प्रोग्रामनें घ्यावयाची असते.