वादळ वळते कसे?

वादळ आपल्या मनाला येईल तिकडे जाते, असे आमच्या वाडीत पुष्कळजण म्हणतात. पण वादळाला काही पाय नसतात. पावसात ओढ्याला पाणी येते, तेव्हा त्यात भोवरा दिसतो. तो जागच्या जागी गरगर फिरतो आणि पाण्याबरोबर पुढेही जातो. मध्ये मोठा धोंडा आला तर कडेने वळतो. समुद्रावरचे वादळ म्हणजे असाच हवेचा भोवरा. त्याच्याभोवतीचा मोठा वारा त्याला नेतो.

मग धोंडा कुठला? तर हवेच्या जास्त दाबाचा पट्टा. तिथे वरची हवा खाली उतरते, म्हणून आभाळ बहुधा मोकळे असते. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण वादळ त्याच्या कडेकडेने जाते.

आता पाटीवर एक गोल काढा. हा जास्त दाब. वरच्या बाजूला उत्तर लिहा. आपल्या उत्तर गोलार्धात त्याच्याभोवती वारा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. तसे बाण काढा. गोलाच्या खालचा बाण पश्चिमेला जातो ना? आणि डावीकडचा उत्तरेला? झाले तर मग!

२०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळ रत्नागिरीच्या समोर समुद्रात होते. सगळे घाबरले होते. पण त्याच्या उत्तरेला असा पट्टा होता, म्हणून ते पश्चिमेला ओमानच्या बाजूला गेले आणि समुद्रातच विरले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आले, तेव्हा पट्टा पूर्वेला होता. ते किनाऱ्याच्या बाजूने उत्तरेला गुजरातेत गेले.

निसर्ग वादळाला मात्र आमचा रायगडच सापडला. तेसुद्धा आधी उत्तरेलाच चालले होते. पण पश्चिमेकडून वरच्या हवेत कमी दाबाची खोलगट जागा आली आणि वाऱ्याने त्याला ईशान्येला वळवले. ३ जून २०२० ला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढले. मी तेव्हा अंगणवाडीत होते. आमच्या आजोबांच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, घरावरची कौले उडाली. नवी पोफळ धरायला सहासात वर्षे लागतात, म्हणून आजोबा अजून मोजतात.

अमेरिकेत अशा वादळाला हरिकेन म्हणतात. तिकडची पुष्कळ वादळे उत्तरेला गेली की उजवीकडे वळून समुद्रात निघून जातात. पण २०१२ साली सँडी वादळाची ती वाट जास्त दाबाने अडवली. ते उलटे डावीकडे वळून न्यू जर्सीवर आदळले.

पट्टा थोडा सरकला तरी वादळाचे गाव बदलते. म्हणून हवामान खात्याचे लोक रोज मोठे फुगे आभाळात सोडतात. फुग्याला यंत्र बांधलेले असते, ते वरचा वारा आणि दाब कळवते. त्यावरून नकाशावर वादळाची वाट काढतात. ती वाट पुढे पुढे रुंद होत जाते, कारण दोन दिवसांनी पट्टा नेमका कुठे असेल हे पक्के सांगता येत नाही. त्या रुंद भागात आपला तालुका आला की होड्या वर ओढायच्या.