मल्टिपल स्क्लेरोसिसमधील चालण्याची अक्षमता व चेता-उद्दीपन : लाभ आणि मर्यादा

प्रस्तावना :

पाऊल उचलून पुढे टाकणे ही क्रिया इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती बिघडेपर्यंत तिच्याकडे लक्ष जात नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत हा बिघाड वारंवार आढळतो. पाय पुढे नेताना चवडा वर उचलला जात नाही, बोटे जमिनीला घासतात आणि सतरंजीची कड किंवा घराचा उंबरठाही अडखळण्यास पुरेसा होतो. वैद्यकात या अवस्थेस ‘फूट ड्रॉप’ असे म्हणतात. अडखळणे टाळण्यासाठी रुग्ण कंबर उचलून पाय बाहेरच्या बाजूने फिरवीत नेतो. त्यात शक्ती अधिक खर्च होते, आणि थकवा हे तर या व्याधीचे मुळातच एक प्रमुख लक्षण आहे. अशा रुग्णांना विद्युत-उद्दीपनाने कितपत साहाय्य होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

व्याधीचे स्वरूप :

फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ मध्ये या व्याधीचे सविस्तर वर्णन केले. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, मेरुरज्जू व दृष्टिचेता यांतील तंतूंवरील मायलिन या आवरणावर आघात करते. त्यामुळे मेंदूकडून निघालेला आदेश मंदावतो किंवा वाटेतच विरून जातो. मात्र मेरुरज्जूतून बाहेर पडून पायाच्या स्नायूंपर्यंत जाणारी चेता व ते स्नायू सहसा शाबूत असतात. उपायाची सारी भिस्त या एका गोष्टीवर आहे.

महाराष्ट्रातील वाचकास लोंबणारे पाऊल अधिक परिचित आहे ते कुष्ठरोगामुळे. तेथे गुडघ्याखालची चेताच निकामी झालेली असते. म्हणून हे उद्दीपन तेथे उपयोगी पडत नाही व स्नायुबंध स्थलांतरित करण्याची शस्त्रक्रिया केली जाते. बाह्य लक्षण एकच, पण कारण निराळे आणि म्हणून उपायही निराळा. हा भेद न जाणता यंत्र विकत घेणे म्हणजे पैशांचा अपव्यय होय.

उद्दीपनाची पद्धती :

गुडघ्याच्या खाली, पायाच्या बाहेरच्या बाजूस हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याला वळसा घालून एक चेता नडगीपुढील स्नायूंकडे जाते. तेथे ती त्वचेच्या अगदी जवळ असते. या जागी दोन इलेक्ट्रोड चिकटवून विद्युतप्रवाहाचे सूक्ष्म स्पंद दिले, की स्नायू आकुंचन पावतो व चवडा वर उचलला जातो. स्पंदांचे प्रमाण सामान्यतः सेकंदाला ४० च्या आसपास असते. पादत्राणात टाचेखाली ठेवलेली कळ टाच उचलताच प्रवाह सुरू करते. टाच टेकल्यावर तो थांबतो. ही कल्पना लिबरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांसाठी मांडली. पुढे इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे ‘ऑडस्टॉक’ या नावाचे उपकरण विकसित झाले व ते मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांनाही देण्यात येऊ लागले.

लाभाचे मोजमाप :

सॉल्झबरीच्या १९९९ मधील अभ्यासात सुमारे साडेचार महिन्यांच्या वापरानंतर पक्षाघाताच्या रुग्णांची चाल यंत्र चालू असताना २७ टक्क्यांनी आणि यंत्र बंद असतानाही १४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना यंत्र चालू असताना लाभ झाला. पण ते बंद केल्यावर तो उरला नाही. म्हणजे येथे यंत्राचे कार्य चष्म्यासारखे आहे. चष्मा डोळा बरा करीत नाही, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८ आठवड्यांच्या एका तौलनिक चाचणीत यंत्र वापरणारा गट व घरी व्यायाम करणारा गट असे दोन गट होते. यंत्राविना चालण्याचा वेग व्यायामगटातच अधिक सुधारला. एवढेच पाहिले तर यंत्र हरले असे म्हणावे लागेल. परंतु याच रुग्णांच्या पडण्याच्या नोंदी पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाल्या. त्या काळातील पडण्याची मध्यक संख्या व्यायामगटात १८, तर यंत्रगटात केवळ ५ होती. दहा मीटर अंतर किती सेकंदांत कापले, यापेक्षा दिवसभरात किती वेळा पडलो नाही, हा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने निश्चितच मोठा आहे. व्यायाम आणि यंत्र यांना प्रतिस्पर्धी मानण्याचेही कारण नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने जानेवारी २००९ मध्ये चाल सुधारण्यासाठी या उपायास मान्यता देणारे मार्गदर्शन प्रसिद्ध केले.

अलीकडे निराळ्या मार्गानेही प्रयत्न झाले आहेत. जिभेवर सौम्य विद्युत-स्पंद देणाऱ्या एका उपकरणास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२१ मध्ये परवानगी दिली. पण ती देखरेखीखालील व्यायामाच्या जोडीनेच वापरण्यासाठी आहे.

व्यावहारिक मर्यादा :

प्रवाहाची झिणझिण काहींना सोसवत नाही, तर काहींची त्वचा लाल होते. हृदयात पेसमेकर असल्यास अथवा अपस्मार आटोक्यात नसल्यास तज्ज्ञाच्या सल्ल्याविना हा उपाय करू नये. घोटा आखडून गेला असेल, तर स्नायू आकुंचन पावूनही चवडा उचलला जात नाही. शिवाय शरीराचे तापमान वाढले की या व्याधीची लक्षणे तात्पुरती बळावतात. उटहोफ यांनी १८९० मध्ये नोंदविलेली ही गोष्ट विदर्भाच्या उन्हाळ्यात अधिकच महत्त्वाची ठरते. सकाळी थंड खोलीत घेतलेल्या चाचणीवरून दुपारच्या चालण्याचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून रुग्ण थकलेला असतानाही यंत्रासह व यंत्राविना अशा दोन्ही प्रकारे चालवून पाहणे आवश्यक आहे.

टाचेखालील कळ पादत्राणावर अवलंबून असते आणि आपल्याकडे घरात अनवाणी वावरण्याची रीत आहे. पडण्याचा धोका तर घरातही असतोच. पायाचा झुकाव ओळखून प्रवाह सुरू करणारे, गुडघ्याखाली पट्ट्याने बांधावयाचे उपकरण अशा घरांत अधिक सोयीचे ठरते. मात्र पट्टा रोज अचूक त्याच जागी बांधण्यास हातांची पकड शाबूत हवी, अथवा घरातील कोणीतरी ते शिकून घेतलेले असावे.