खडक एक, जमिनी तीन

सिद्धेश्वर परिसरातील माळावरून पूर्णा नदीकडे उतरत गेल्यास वर मुरमाड, मधे मध्यम व खाली भारी काळी जमीन लागते. तिन्हींचा मूळ खडक मात्र एकच, काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तो बनला.

ऊन, पाऊस व हवेने खडक झिजून मुरूम आणि पुढे माती होते. उतारावरील बारीक माती व विरघळलेला चुना पावसाच्या पाण्याबरोबर खाली जातो. म्हणून माळावर मातीचा थर जेमतेम वीतभर, तर सखल भागात पुरुषभर खोल आढळतो.

भारी जमीन ओल व पालाश धरून ठेवते. परंतु निचरा मंद असल्याने कालव्याचे पाणी जादा दिल्यास ती चिबड व खारवट होते. नत्र व सेंद्रिय पदार्थ तिन्हींत बहुधा कमीच असतात.

तेव्हा प्रत्येक प्रकारच्या जमिनीचा मातीनमुना वेगळा तपासून घ्यावा व त्यानुसार खत द्यावे. माळावर बांधबंदिस्ती व उतारास आडवी पेरणी करावी, भारी रानात निचऱ्याचे चर काढावेत. बोटभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. वाहून जाण्यास मोजके पावसाळे पुरतात.