लाल न होणारा धातू

बेंगळुरूच्या जे. सी. रोडवर, म्हणजे जयचामराजेंद्र रस्त्यावर, गाडीला जे जे म्हणून लावता येतं ते सगळं मिळतं. सीट कव्हर, हॉर्न, स्पीकर आणि दुकानाच्या दारात ओळीनं टांगलेली चकचकीत अलॉय व्हील्स. कंपनीची लोखंडी डिस्क काढून ही 'मॅग व्हील' बसवण्याची हौस या शहरात मोठी, आणि खड्डेही हौसेच्या तोडीचे. त्यामुळे चाकाचा बेंड काढून देणारे कारागीर गल्लोगल्ली सापडतात. वाकलेल्या कडेवर गॅसची ज्योत फिरवायची, जॅकनं दाबायचं, वर चार ठोके घालायचे. तासाभरात बॅलन्सिंग मशीनवर शून्य दिसतं आणि गिऱ्हाईक खूश होतं.

अडचण त्या ज्योतीत आहे. लोखंड तापलं की लाल होतं आणि लोहाराची नजर त्या रंगावरच तयार झालेली असते. अ‍ॅल्युमिनियम असा कुठलाच इशारा देत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं; चाकाचा मिश्रधातू त्याच्या शंभरेक अंश आधीच आतून वितळू लागतो. तोवर दिवसाउजेडी त्याचा रंग होता तसाच, चांदीसारखा. किती तापवलं हे कारागिराला डोळ्यांनी कळायला मार्गच नसतो.

आणि चाक बिघडायला वितळावं लागत नाही, २०० अंशांच्या वर थोडा वेळ गेला तरी पुरे. याचं कारण धातूच्या पोटात आहे. गाड्यांची बहुतेक ओतीव अलॉय व्हील्स ज्या जातीच्या मिश्रधातूची असतात, त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि ०.३ टक्क्याच्या आसपास मॅग्नेशियम असतं. सिलिकॉनमुळे रस साच्यात नीट पसरतो. ताकद येते ती चिमूटभर मॅग्नेशियममुळे, तीही ओतल्या ओतल्या नाही. चाक आधी सुमारे ५४० अंशांवर काही तास ठेवतात, मग पाण्यात एकदम थंड करतात आणि पुन्हा दीडशे-एकशे साठ अंशांवर काही तास मुरवतात. या मुरण्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अणू एकत्र येऊन काही नॅनोमीटरचे पुंजके तयार होतात. दाब आला की धातूचे थर एकमेकांवरून सरकू पाहतात आणि हे पुंजके त्यांना अडवतात. मात्र वेळेवर थांबावं लागतं. उष्णता वाढली तर पुंजके फुगतात, विरळ होतात आणि धातू पुन्हा मऊ पडतो.

असं मुरून कडक होणं जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना १९०६ साली अ‍ॅल्युमिनियमच्या दुसऱ्या एका मिश्रणात दिसलं. त्यातून ड्युरॅल्युमिन आलं आणि त्यावर धातूची विमानं उभी राहिली. बेंगळुरूचा या विद्येशी संबंध जुना आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली हिंदुस्तान एअरक्राफ्टचा कारखाना काढला तो इथंच. त्या काळी विमानांच्या कारखान्यांत ड्युरॅल्युमिनचे काही रिव्हेट ठोकायची वेळ येईपर्यंत बर्फात ठेवत, कारण बाहेर नुसते पडून राहिले तरी ते कडक होऊ लागत. धातूचा इतका नाजूक हिशेब सांभाळणाऱ्या शहरात आज चाकावर अंदाजानं ज्योत फिरवली जाते, हे मला खटकतं.

ज्योत लागलेली जागा मऊ राहते आणि पुढच्या खड्ड्यात चाक नेमकं तिथंच बसतं. म्हणून कडेचा किरकोळ बेंड थंड अवस्थेत, हायड्रॉलिक दाबानं काढून घ्यावा. उष्णता दिलीच तर तापमान मोजणाऱ्या माणसाकडूनच. तडा गेला असेल तर विषय संपला. आर्गॉन वेल्डिंगनं फट बुजते, पण आजूबाजूच्या धातूचं मुरणं पुसलं जातं आणि ते परत आणायची भट्टी कोपऱ्यावरच्या दुकानात नसते. असं चाक भंगारात घालावं, स्टेपनी म्हणूनही ठेवू नये.

तडा बहुधा दिसत नाही. तो चाकाच्या आतल्या कडेला, ब्रेकच्या बाजूला पडतो, कारण आऱ्यांचा आधार त्या कडेपासून लांब असतो. त्यामुळे टायर बदलायला चाक खाली उतरेल तेव्हा आतून पुसून बघावं. हवा आठवड्या-आठवड्याला थोडी थोडी उतरत असेल आणि पंक्चर सापडत नसेल तर संशय घ्यावाच. शहरातल्या पीन्यासारख्या औद्योगिक वसाहतीत डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट नेहमीची आहे. लाल रंगाचा द्रव फवारायचा, पुसायचा, वर पांढरी भुकटी मारायची. तडा असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते.

चाकं विकत घेतानाच खड्ड्याचा विचार केला तर यातलं बरंच टळतं. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरची बाजूची भिंत १२० मिलिमीटर उंच असते. त्याच गाडीला दिमाखासाठी २०५/४५ आर १७ बसवला तर ती ९२ मिलिमीटर उरते. धक्का पचवणारी हवेची गादी २८ मिलिमीटरनं गेली, आणि तो धक्का आता चाक खाणार. प्रवासी गाडीच्या चाकाच्या आंतरराष्ट्रीय आघात चाचणीत चाक १३ अंशांत तिरपं धरून त्यावर २३० मिलिमीटर उंचीवरून वजन टाकतात. ४५० किलो भार पेलणाऱ्या चाकासाठी ते वजनही ४५० किलोच भरतं. चाक वाकलं तर चालतं. आरपार तडा गेला किंवा मिनिटाच्या आत सगळी हवा गेली तर नापास. ज्या चाकाच्या आतल्या अंगावर माप, भारक्षमता आणि मानकाची खूण ओतलेली नाही, ते कितीही देखणं असलं तरी घेऊ नये.

आता वरच्या कातडीकडे. शहरातल्या वाहतुकीत पाय सतत ब्रेकवर. टॉमटॉम कंपनीच्या २०२३ सालच्या वाहतूक पाहणीत इथं १० किलोमीटर जायला सरासरी २८ मिनिटं लागत होती. दर वेळी ओतीव लोखंडाच्या ब्रेक-डिस्कचे तापलेले कण उडतात, चाकाच्या लॅकरमध्ये रुततात आणि तिथंच गंजतात. हे तांबूस ठिपके घासून जात नाहीत. ते काढणाऱ्या फवाऱ्यात बहुधा थायोग्लायकोलेट असतं. लोखंडाशी संयोग होताच ते जांभळं होऊन ओघळतं. केस काढायच्या क्रीममध्येही याच कुळातलं रसायन असतं, म्हणून वासही तसाच.

वॉशिंग सेंटरवरचं 'अ‍ॅसिड' मात्र चाकाला लागू देऊ नये. अ‍ॅल्युमिनियमला वाचवणारा ऑक्साइडचा थर काही नॅनोमीटरचा असतो आणि तो साधारण ४ ते ८.५ या सामूमध्येच टिकतो. बोअरच्या पाण्यानं कुकरचा तळ काळा पडतो आणि घरोघरी त्यात लिंबाची साल टाकतात, ते याच आकड्यांचं घरगुती रूप. सौम्य आंबट चालतं, पण जोरदार आम्ल आणि कॉस्टिक सोडा दोन्ही थर खातात. काही क्लीनरमध्ये हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. ते धुणाऱ्या पोराच्या कातडीतून आत उतरून हाडांतल्या कॅल्शियमवरही घाला घालतं. लॅकरला एकदा टवका उडाला की ओल आत शिरते आणि लॅकरखाली दोऱ्यासारख्या पांढुरक्या रेघा पसरू लागतात. लेथवर तासलेल्या 'डायमंड कट' चाकांना हा रोग लवकर होतो, कारण तिथं उघड्या धातूवर फक्त पारदर्शक थर असतो. पुन्हा तासून घेता येतं, पण दर वेळी धातू कमी होतो. गोव्याच्या किनाऱ्यावरून परतलात तर मीठ त्याच दिवशी धुवा.

धुवायचं कशानं? मार्च २०२४ मध्ये पाणीटंचाईत बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड लावला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तेच. उरलं बोअरचं नाहीतर टँकरचं जड पाणी. तापलेल्या चाकावर ते जागीच सुकतं आणि चुन्याचे पांढरे डाग सोडतं, म्हणून चाक गार झाल्यावर सावलीत धुवावं आणि लगेच पुसावं. कोरडं फडकं मात्र कधी फिरवू नये. हा सगळा मुलूख ग्रॅनाइट आणि नाइस खडकाचा, लालबागेतला खडक तर सुमारे ३०० कोटी वर्षांचा. रस्त्यावरच्या धुळीत त्याच कुळीचे क्वार्ट्झचे कण असतात आणि लॅकरपेक्षा ते कितीतरी कठीण. आधी ओलं करायचं, मग साबणाच्या पाण्यात बुडवलेलं मऊ कापड.

शेवटी नट. बाहेरून घेतलेल्या चाकाची नट बसायची खाच कधी शंकूच्या आकाराची असते, कधी गोलाईची. कंपनीचे जुने नट तिथं टेकल्यासारखे दिसतात पण पुरते बसत नाहीत. चाकासोबत मिळणारे नटच वापरावेत. लहान गाड्यांना साधारण १०० न्यूटन-मीटर पीळ लागतो, म्हणजे पाव मीटरच्या पान्याच्या टोकाला ४० किलोचा जोर. पान्यावर उभा राहून उड्या मारणारा पोरगा त्याच्या दुप्पट सहज देतो आणि मऊ खाच चेपते. हवेच्या गननं कसले असतील तरी शेवट टॉर्क रेंचनं करून घ्यावा, आणि ५०-१०० किलोमीटर झाले की पुन्हा तपासावं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. ती ग्लव्ह बॉक्समध्ये सापडेल, बहुधा शोरूमच्या प्लॅस्टिक पिशवीतून अजून न काढलेली.