संगणक दमतो, तेव्हा झॉम्बी थबकतो

जपानच्या तायतो कंपनीने १९७८ मध्ये बाजारात आणलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळात पडद्यावर परग्रहवासीयांच्या पाच रांगा दिसतात. प्रत्येक रांगेत अकरा, म्हणजे एकूण ५५. खेळाडू त्यांना टिपू लागला, की उरलेल्यांची चाल वाढत जाते आणि शेवटचा एकटा तर पळतच सुटतो. यामागे त्यांची कोणतीही युद्धनीती नव्हती. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांच्या यंत्राला इतक्या आकृत्या हलविणे जड जात होते. आकृत्या घटल्या, की यंत्राचे ओझे उतरे आणि वेग वाढे. निशिकादो यांनी हा दोष दूर न करता तसाच ठेवला आणि खेळाची खरी रंगत त्यातूनच निर्माण झाली.

संगणकीय खेळातील काळ सलग वाहत नाही, तो तुकड्या-तुकड्यांनी पुढे सरकतो. 'माइनक्राफ्ट'मध्ये अशा एका तुकड्याला 'टिक' म्हणतात. सेकंदाला २० टिक, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ५० मिलिसेकंद. तेवढ्या अवधीत आसपासच्या प्रत्येक जिवाने कोठे वळायचे, कोणावर धावून जायचे, याचा हिशेब संगणकाला उरकावा लागतो. तो उरकला नाही, की 'लॅग' सुरू होतो.

तेथील वासराची गाय होण्यास २४,००० टिक, अर्थात २० मिनिटे लागतात. टिकचा वेग निम्म्यावर आला, तर ४० मिनिटे. जवळ येऊन फुटणाऱ्या 'क्रीपर'ची वात ३० टिकची. एरवी दीड सेकंदात होणारा स्फोट मग तीन सेकंदांनी होतो. अनेकांनी मिळून खेळावयाच्या सर्व्हरवर मात्र खेळाडूची धावपळ बहुतांशी त्याच्याच संगणकावर ठरते. साहजिकच, तो नेहमीच्या वेगाने पळतो आणि झॉम्बी गोगलगायीसारखे सरकतात.

ही सवलत फसवी असते. थोड्या खोळंब्यानंतर सर्व्हर राहिलेले टिक उसंत न घेता एकापाठोपाठ एक उरकतो. त्यामुळे दूर थबकलेला झॉम्बी क्षणार्धात अंगाशी येतो आणि प्रहार कधी झाला, हे खेळाडूला कळतही नाही. तासन्‌तास खपून जमविलेले सामान अशा वेळी हातचे जाते.

गंमत अशी, की पुष्कळदा लॅगचे कारण हे प्राणीच असतात. एखाद्याने खुराड्यात शेकडो कोंबड्या वाढविल्या, की साऱ्यांचाच खेळ मंदावतो. मग सर्व्हर चालविणारे प्राण्यांच्या संख्येवर मर्यादा घालतात किंवा जास्तीचे प्राणी सरळ काढून टाकतात. एकाच जागी २४ हून अधिक जीव कोंबले, तर त्यांना चेंगरून इजा व्हावी, असा नियमही २०१६ पासून 'माइनक्राफ्ट'मध्ये आहे.

काही खेळांत टिकची लांबी ठरलेली नसते. मागच्या चित्रापासून जेवढा वेळ गेला, तेवढे अंतर प्राणी एका दमात कापतो. सेकंदाला चार मीटर धावणारा ससा, चित्रे सेकंदाला ६० असताना, एका वेळी सुमारे सात सेंटिमीटर सरकतो. संगणक अर्धा सेकंद अडखळला, तर एकदम दोन मीटर! वाटेतली पातळ भिंत त्याला लागतच नाही, किंवा दरीचा काठ ओलांडल्यावरच त्याला दरीचा पत्ता लागतो. म्हणूनच अनेक निर्माते प्राण्यांच्या हालचाली ठरावीक अंतरानेच मोजणे पसंत करतात.

टार्न व झॅक अॅडम्स या बंधूंच्या, २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'ड्वार्फ फोर्ट्रेस'ची तऱ्हा निराळी. तेथे संगणक मंदावला, तर भूक, ऋतू, शत्रू असे सगळेच एकत्र मंदावते. लॅगपायी एकही बुटका उपाशी मरत नाही. कंटाळतो तो खेळाडू. वस्ती वाढते, मांजरांची वीण आटोक्याबाहेर जाते, प्रत्येकाची वाट शोधता शोधता संगणक मेटाकुटीला येतो आणि शत्रूला दाद न दिलेला किल्ला अखेर धन्याकडूनच सोडून दिला जातो. ते टाळण्यासाठी जनावरांची कत्तल हा रूढ उपाय. पिंजऱ्यातल्या जनावराला वाट शोधावी लागत नसल्याने मन न होणारे खेळाडू मांजरे पिंजऱ्यात कोंडून ठेवतात.