प्रयोगशाळेचे दार आणि मावळचा विद्यार्थी

मुंबईत कुलाब्याच्या दक्षिण टोकाला, समुद्राच्या अगदी लगत, टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी आहे. अणुगर्भाचे स्वरूप शोधणाऱ्या देशातील अग्रगण्य प्रयोगशाळांत तिची गणना होते. भारित अणूंना प्रचंड वेग देऊन लक्ष्यावर आदळविणारे पेलेट्रॉन हे यंत्र १९८८ साली येथेच कार्यान्वित झाले. अशा ठिकाणी सामान्य माणसाचे काय काम, असे कोणालाही वाटेल. परंतु संस्थेच्या कार्यक्रमांवर नजर टाकली तर वेगळेच चित्र दिसते. दर बुधवारी व्याख्यान ठरलेले. तिच्या सभागृहात संगीताचे आणि नाट्याचे कार्यक्रम होत आले आहेत. २००९ पासून तर तिचे शास्त्रज्ञ रविवारी सकाळी जुहूच्या पृथ्वी थिएटरात जाऊन, चहा घेत घेत लोकांच्या शंकांना उत्तरे देऊ लागले.

विज्ञान आणि कला यांची ही सोयरीक आजची नव्हे. ती संस्थापक डॉ. होमी भाभा यांच्या स्वभावातच होती. ते स्वतः चित्रे काढीत व पाश्चात्त्य अभिजात संगीताचे जाणकार होते. संस्थेच्या इमारतीसाठी मंजूर झालेल्या रकमेपैकी एक टक्का कलाकृतींवर खर्च करण्यास त्यांनी पंडित नेहरूंची संमती मिळविली. १९६२ साली नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या त्या वास्तूत आज हुसेन, आरा, गायतोंडे अशा चित्रकारांच्या कृती आहेत. समीकरणे सोडविणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र असावे, ही भाभांची धारणा होती. ते चित्र ज्याच्या पैशातून विकत घेतले, त्या नागरिकालाही ते पाहावयास मिळावे, हा तिचाच पुढचा भाग होय.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. ज्ञान ही वाटल्याने न घटणारी वस्तू आहे. शंभर श्रोत्यांच्या सभागृहात एकशेएकावा येऊन बसला तर वक्त्याचे श्रम वाढत नाहीत. म्हणून अशा व्याख्यानांना प्रवेशमूल्य नसणे योग्यच आहे. मात्र प्रवेश विनामूल्य म्हणजे व्याख्यान फुकट, असे नव्हे. तळेगावच्या आतल्या अंगाला असलेल्या नवलाख उंबरे येथील विद्यार्थ्याचा हिशेब मांडून पाहावा. गावातून तळेगाव स्थानक गाठावयाचे, तेथून रेल्वेने सुमारे दीडशे किलोमीटर मुंबई, पुढे कुलाबा. भाडे, दिवसभराचे जेवण, बुडालेली तासिका किंवा सुट्टीतील कामाचा बुडालेला रोज, हे सारे त्याच्या खिशातून जाते. इतके करून पोहोचल्यावर व्याख्यान इंग्रजीत असेल, तर जमेच्या बाजूला फारसे काही उरत नाही. सवलत सर्वांना सारखी जाहीर होते आणि तिचा लाभ जवळ राहणाऱ्यांच्या व इंग्रजी जाणणाऱ्यांच्या पदरी पडतो.

मावळ आणि ही प्रयोगशाळा यांचे नाते मात्र जुने आहे. प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी १९४६ ते १९६२ या काळात या संस्थेत गणिताचे संशोधन करीत होते. राहावयास पुण्यात असल्याने ते डेक्कन क्वीनने जा-ये करीत. म्हणजे मावळच्या डोंगररांगा त्यांना रोज गाडीच्या खिडकीतून दिसत. पण ते खिडकीपाशी थांबले नाहीत. कार्ल्याची लेणी, तेथील दानलेख, जुन्या वाटा, गावोगावच्या देवता यांचा मागोवा त्यांनी पायी हिंडून घेतला. खेडुतांना प्रश्न विचारले आणि त्यांच्या उत्तरांना पुराव्याचे मोल दिले. अणुसंशोधनाच्या संस्थेतील एक गणिती मावळात येऊन शिकून गेला. त्या संस्थेने आता मावळात येऊन शिकवावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

हे अशक्य नाही, याचे दाखले याच जिल्ह्यात आहेत. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे याच संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तिची दारे लोकांसाठी उघडतात आणि परिसरातील शाळा-महाविद्यालयांतील मुले स्वतः तयार केलेली उपकरणे तेथे मांडतात. पुण्याच्या 'आयुका'ने दुसऱ्या शनिवारची व्याख्याने शालेय विद्यार्थ्यांसाठी मराठीतही दिली. याच संस्थेचे पहिले संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी गहन विषय मराठीत सहज सांगता येतो, हे आयुष्यभर दाखवून दिले.

तेव्हा मागणी लहानच आहे. आगामी कार्यक्रमांची मराठी पत्रिका महिनाभर आधी तालुक्यांतील शाळा-महाविद्यालयांकडे यावी. महिन्यातून एक व्याख्यान मराठीत आणि सुट्टीच्या दिवशी, परतीची गाडी मिळेल अशा वेळी ठेवावे. वर्षातून एकदा तळेगाव किंवा वडगाव येथे व्याख्यान, चित्रांच्या प्रतिकृतींचे प्रदर्शन आणि संगीताचा कार्यक्रम असा दोन दिवसांचा मेळ घालावा. शास्त्रज्ञांचे वेतन दिलेलेच आहे. वाढीव खर्च प्रवासाचा आणि मंडपाचा. आम्हा शिक्षकांवरही जबाबदारी आहेच. वर्गात आधी विषयाची ओळख करून न देता मुलांना नुसतेच मोटारीत भरून नेले, तर व्याख्यानाची सहल होते.

नवलाख उंबरे परिसरात आता कारखाने आले आहेत. तेथील तरुणाला आधुनिक तंत्रज्ञानाची भेट घडते ती बहुधा भूसंपादनाच्या नोटिशीतून किंवा कंत्राटी कामगाराच्या बिल्ल्यातून. त्याला प्रश्न विचारण्याची जागा त्या भेटीत नसते. व्याख्यानाच्या अखेरीस वक्ता 'कोणाला काही विचारावयाचे आहे काय?' असे म्हणतो, तेव्हा ती जागा प्रथमच निर्माण होते. अणुऊर्जेसारख्या विषयावर उद्या याच तरुणाला मत द्यावयाचे आहे. त्याने पहिला प्रश्न एखाद्या शास्त्रज्ञाला आपल्या भाषेत, आपल्या तालुक्यात विचारावा, एवढी तजवीज व्हावयास हवी.