पुलाची दुसरी नोकरी
पाण्यावरच्या वाटा : लेखांक ९

भोरहून निघालेला रस्ता नीरेच्या खोऱ्यातून हिर्डोशीकडे चढतो, वरंधा घाट उतरतो आणि महाडला पोहोचतो. उत्रोलीसारख्या भोर परिसरातल्या गावांना कोकण गाठायचा हाच जवळचा मार्ग. त्याच महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुराने मुंबई-गोवा महामार्गावरचा दगडी पूल नेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं पाण्यात गेली. पूल १९२८ सालचा होता. घाटाच्या अलीकडे, भोरजवळ येळवंडी नदीवरचं भाटघरचं लॉइड धरणही १९२८ मध्येच पूर्ण झालं. ते आजही नीरा कालव्यांना पाणी पुरवतं. धरण आणि पूल यांची जातकुळी वेगळी, हे मान्य. पण दोन्ही एकाच वयाची असताना ‘पूल जुना झाला होता’ एवढ्या उत्तराने समाधान कसं व्हावं? बांधकामाकडून कोणतं काम घेतलं जातं आणि त्यावर रोज कोण नजर ठेवतं, हे वयाइतकंच महत्त्वाचं असतं.

गेल्या आठवड्यात आपण दगडी कमानींचे पूल पाहिले. आज लोखंडी सांगाड्याच्या पुलांकडे वळू. म्हातारपणी दुसरं काम करण्याची जेवढी सोय या पुलांत असते, तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या बांधकामात असेल.

त्रिकोणाची करामत

चार काठ्या टोकांना एकेक खिळा मारून चौकोनात जोडा आणि एका कोपऱ्यावर दाब द्या. चौकोन लगेच तिरका होऊन कलंडतो. आता समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना जोडणारी पाचवी काठी ठोका. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले आणि तो हलेनासा झाला. काठी मोडल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही. सुतार घराच्या छपराला जी कैची करतो तिचं तत्त्व हेच, आणि लोखंडी पुलाचंही हेच.

नेहमीच्या कैचीच्या पुलात वाहनाचं वजन वरच्या आडव्या पट्ट्याला दाबतं, खालच्या पट्ट्याला ताणतं आणि मधल्या तिरक्या दांड्यांतून दोन्ही टोकांच्या खांबांवर पोहोचतं. प्रत्येक दांड्याला आपापलं ठरलेलं काम असतं. म्हणून एखादा दांडा खराब झाला तर आधार देऊन तेवढाच बदलता येतो. दगडी कमानीत एक दगड असा सहज काढता येत नाही आणि काँक्रीटच्या तुळईच्या पोटातली सळई गंजली तर वरून लवकर कळतही नाही. लोखंडी पुलाचं बहुतेक सगळं दुखणं बाहेर, डोळ्यांसमोर असतं. शिवाय जोडणीचा क्रम उलटा करत अख्खा गाळा सुटा करून दुसरीकडे नेता येतो.

भडोचचे तीन जन्म

एका पुलाने किती कामं बदलावीत? ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात असलेल्या भडोचला नर्मदेवर याचं उत्तम उदाहरण उभं आहे. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने तिथे १८६० च्या दशकात पहिला पूल बांधला. नर्मदेच्या पुरांनी तो पुन्हा पुन्हा मोडला. अखेर १८७७ मध्ये नव्या पुलाचं काम सुरू झालं आणि १८८१ मध्ये तो पुरा झाला. लांबी १४०० मीटरच्या वर, खर्च साडेपंचेचाळीस लाखांच्या घरात. एवढ्या पैशांत पूल सोन्याचा झाला असता, असं लोक म्हणू लागले आणि नाव पडलं ‘गोल्डन ब्रिज’.

पुढे इंजिनं जड होत गेली. १९३५ मध्ये शेजारी नवा रेल्वेपूल झाला आणि गोल्डन ब्रिजवरची रेल्वे गेली. पण पूल मोडीत निघाला नाही, त्यावरून मोटारी जाऊ लागल्या. आगगाडीच्या इंजिनापुढे मोटारींचा भार कमी, त्यामुळे जुन्या सांगाड्याला तो पेलवला. २०२१ मध्ये लगत चौपदरी नर्मदा मैया पूल झाल्यावर ही दुसरी नोकरीही संपली आणि पूल वाहनांसाठी बंद झाला. पूल एकच, पहिली चोपन्न वर्षं रेल्वेची, पुढची शहाऐंशी रस्त्याची.

अहमदाबादचा एलिस ब्रिजही याच रांगेतला. साबरमतीवरचा तिथला आधीचा लाकडी पूल १८७५ च्या पुरात गेला. त्यानंतर १८९२ मध्ये हिंमतलाल धीरजराम भचेच या भारतीय अभियंत्याने पोलादी धनुष्याकृती गाळ्यांचा पूल उभारला. काम अंदाजपत्रकापेक्षा स्वस्तात झालं, तर सरकारला माल हलका असल्याचा संशय आला. चौकशी झाली, काम चोख निघालं आणि हिंमतलालांना रावसाहेब ही पदवी मिळाली. १९९७ मध्ये त्यावरची वाहतूक थांबवली. १९९९ मध्ये दोन्ही अंगांना काँक्रीटचे नवे पूल बांधले आणि जुना मधोमध तसाच ठेवला. वाहनं बाजूने जातात आणि शहराची ओळख जागेवर राहते. पुण्यातही बंडगार्डनचा फिट्झगेराल्ड पूल दगडी असला तरी शेजारच्या नव्या पुलाने त्याचं ओझं उचलल्यामुळेच निवांत झाला.

माणसांचं वजन

इथवर वाचून वाटेल, गाड्या बंद करा, माणसांना फिरायला पूल खुला करा, झालं काम. इथेच मोठी गफलत होते.

समजा, चाळीस मीटर लांब आणि चार मीटर रुंद असा एक गाळा आहे. एवढ्या अरुंद पुलावर एका वेळी एकच एसटी जाणार. प्रवाशांसह तिचं वजन सोळा टनांच्या आसपास. आता त्याच पुलावर रविवारी पाणी बघायला गर्दी लोटली. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत पादचारी भागासाठी चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात आणि गर्दीचा संभव असेल तिथे ५०० किलो. पूल आहे १६० चौरस मीटरचा. ४०० ने गुणलं तर ६४ टन, ५०० ने गुणलं तर ८० टन. म्हणजे चार-पाच भरलेल्या एसटी एकाच वेळी उभ्या! एसटी निघून जाते, गर्दी मात्र पुलावरच रेंगाळते, फोटोसाठी एकाच कठड्याकडे सरकते आणि सगळा भार एका बाजूच्या कैचीवर टाकते.

१५ जून २०२५ च्या रविवारी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला आणि चार जण गेले. पूल धोकादायक असल्याचं आधीच सांगितलं गेलं होतं, पण फलक लावल्याने गर्दी थांबत नाही. गुजरातेत मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर खुला झाला आणि काही दिवसांतच, ३० ऑक्टोबर २०२२ ला, तुटला. १३५ जणांचा जीव गेला. तो कैचीचा पूल नव्हता, पण धडा तोच: ‘फक्त पायी चालणाऱ्यांसाठी’ म्हणजे हलकं काम असं समजू नये. जुना पूल लोकांना खुला करायचा तर एका वेळी किती माणसं, हा आकडा हवा आणि तो पाळणारा माणूस दोन्ही टोकांना हवा.

हातोडी काय सांगते

हा आकडा ठरवायचा तर पूल बारकाईने तपासावा लागतो. लोखंडी पूल सहसा दांड्याच्या मध्यावर नाही, सांध्यावर सडतो. चार-पाच दांडे जिथे एकत्र येतात तिथे त्यांना धरणारे जाड पत्रे असतात. खालच्या सांध्यात माती, पाला, पक्ष्यांची घाण साचते आणि पावसाळाभर ओली राहते. दोन पत्र्यांच्या फटीत गंज धरला की तो फुगतो. लोखंडापेक्षा त्याच्या गंजाला कितीतरी जास्त जागा लागते. पत्रे एकमेकांपासून उचलले जातात आणि रिव्हेटची डोकी उडतात. अनुभवी माणूस एकेका रिव्हेटवर हातोडी मारत जातो. घट्ट रिव्हेट खणखणीत वाजतो, सैल झालेला बद्द वाजतो आणि दुसऱ्या बाजूला ठेवलेल्या बोटाला हादरा जाणवतो. खराब रिव्हेट काढून त्या जागी आता उच्च ताकदीचे बोल्ट बसवतात. एकोणिसाव्या शतकातल्या लोखंडावर मात्र वेल्डिंग बेतानेच करावं. त्यात मळी आणि गंधक-फॉस्फरस जास्त असल्याने डाग दिलेली जागा तडकू शकते.

टोकाची बेअरिंगंही पाहावी लागतात. पन्नास मीटरचा पोलादी गाळा तीस अंशांच्या तापमानफरकात सुमारे १८ मिलिमीटर लांब होतो. रोलर गंजून अडकले तर ही वाढ खांबाच्या माथ्याला ढकलत राहते. सगळ्यात फसवी गोष्ट पाण्याखाली असते. वरचा सांगाडा रंगवून चकाचक केला आणि खाली पुराने खांबाच्या पायथ्याची वाळू-माती नेली असेल, तर तो रंग काय कामाचा? वाळूउपशाच्या नद्यांवर ही तपासणी दर पावसाळ्यानंतर व्हायला हवी.

मालक कोण?

पूल दुरुस्त करण्याचं तंत्र आपल्याकडे आहे. गाडं अडतं ते कागदावर. राजमहेंद्रीला गोदावरीवरचा हॅवलॉक पूल १९०० मध्ये सुरू झाला, लांबी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. १९९७ मध्ये त्यावरची रेल्वे थांबली. पर्यटनासाठी त्याचा कायापालट करणाऱ्या प्रकल्पाची पायाभरणी झाली २०२५ मध्ये. मधली अठ्ठावीस वर्षं पूल रंगाविना गोदावरीची हवा खात उभा होता. पुलावरून शेवटचं वाहन जातं त्याच दिवशी त्याच्या देखभालीच्या निधीचं कारणही संपतं. वाहतूक नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून गंज, आणि गंज चढला म्हणून शेवटी भंगारवाला.

म्हणून नव्या पुलाच्या अंदाजपत्रकातच जुन्याची सोय लावली पाहिजे: तो कोणाच्या ताब्यात जाणार, रंग आणि तपासणीचा वार्षिक खर्च कोण देणार, त्यावर किती माणसं सोडणार. पाण्याची नळयोजना, सायकलवाट, गुरांची ये-जा अशी रोजची गरज त्याला जोडली तर गावाचंही लक्ष राहतं. या तिन्ही प्रश्नांना लेखी उत्तर नसेल तर पूल सरळ उतरवावा, त्याचा एखादा गाळा जमिनीवर जपावा आणि बाकीचं पोलाद वितळवून पुन्हा वापरात आणावं. धड चालू नाही, धड बंद नाही, अशा अवस्थेत पूल टांगून ठेवणं सर्वांत घातक, कारण लोक तो चालूच समजतात.

*पुढील लेखांकात : खांबांच्या पायथ्याशी पूर नेमकं काय करतो?*